भोंग्याची आजी

"मागच्या बाकावर कोण बोलतंय?" फळ्यावर लिहिता लिहिता बाईंनी विचारलं.

"आजी!" पहिलीच्या अख्ख्या वर्गानं एका सुरात चहाडी केली.

आजी उभी राहिली. तिच्याआधी तिचा गुडघा बोलला. पोरं हसली, बाई हसल्या, आणि सगळ्यांत जास्त आजीच हसली. "चुकलं, बाई. सगळं अंग म्हातारं झालं, जीभ तेवढी राहिलीय," असं म्हणून ती नातीशेजारी पुन्हा बाकात शिरली. शिरली म्हणजे अडकली. बाक सहा वर्षांच्या मुलांसाठी केलेला होता.

खरं तर आजी शिकायला आलीच नव्हती. नातीला गल्लीत सगळे 'भोंगा' म्हणत. शाळेच्या पहिल्याच दिवशी तो भोंगा असा वाजला, की शेजारच्या वर्गातली पोरंही रडू लागली. आई-बाप दोघं कामावर. शेवटी हेडमास्तरांनी हात टेकले. "आजी, पोरगी रुळेपर्यंत तुम्हीच बसा वर्गात."

आजी शाळेची पायरी जन्मात पहिल्यांदा चढली. तिचं इस्त्रीचं दुकान. याच शाळेचे किती गणवेश तिच्या हाताखालून गेले होते. "माझी घडी रोज शाळेत जायची, मीच तेवढी राहिले होते," ती शेजारणींना सांगायची. "आता शिंगं मोडून वासरांत शिरलेय."

सुरुवातीला ती नुसती जांभया देत बसली. मग एके दिवशी बाईंनी फळ्यावर 'क' काढला, तेव्हा तिनं नातीची पाटी ओढून घेतली आणि काढून बघितला. तिचा 'क' पोट सुटलेल्या माणसासारखा आला. नातीनं तो बोटानं पुसून टाकला.

"पोट आत घे, आजी."

आजीनं आधी स्वतःचं पोट आत घेतलं आणि मग 'क'चं.

त्यानंतर मात्र ती सुटलीच. भाजी निवडताना पुटपुटायची, शर्टाच्या कॉलरवर बोटानं गिरवायची. वर्गात उत्तर येत असलं की सगळ्यांत आधी तिचाच हात वर. "आजी, दुसऱ्यांनाही संधी द्या," असं बाईंना दोनदा सांगावं लागलं.

एका दुपारी दुकानात शिरताना ती दारावरच्या पाटीखाली थबकली. "क... प... डे," तिनं मोठ्यानं वाचलं आणि एकटीच हसत सुटली. "अगं बाई! पेंटरनं शिवी लिहून ठेवली असती, तरी मी जन्मभर तिच्याखाली उभी राहून इस्त्री केली असती!"

पुढचा शब्द मात्र काही केल्या सुटेना. अक्षरं एकात एक अडकलेली. तिनं तो नातीच्या पाटीवर जसाच्या तसा उतरवला आणि दुसऱ्या दिवशी बाईंपुढे धरला.

"हे 'इस्त्री' आहे, आजी. यात जोडाक्षर आहे. जोडाक्षरं आपण सहामाहीनंतर शिकणार."

"तोवर मी असले म्हणजे मिळवली," आजी म्हणाली.

त्याच दिवशी शाळा सुटताना बाईंनी तिला बाजूला घेतलं. नात आता छान रुळली होती, मैत्रिणी झाल्या होत्या, रडणं कधीच थांबलं होतं. "उद्यापासून तुम्ही घरी आराम करा, आजी. किती दिवस त्रास काढणार?"

त्रास कसला, असं आजीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वर्गात बसायची खरी परवानगी नातीच्या रडण्याला मिळाली होती, तिला नव्हे. ती म्हणाली, "बरं झालं, बाई. गुडघे सुटले एकदाचे."

संध्याकाळी सुनेलाही तिनं हसत हसतच सांगितलं, "नाव काढलं माझं शाळेतून. पहिली नापास."

"बरंच झालं, आई. या वयात कशाला ती दगदग?" सून म्हणाली.

आजी इस्त्रीच्या टेबलाकडे वळली. एका शर्टावर पाणी शिंपडू लागली आणि तो ओलाचिंब झाला तरी थांबलीच नाही. नात दारात उभी राहून बघत होती. "आजी, तू रडतेस?"

"छे गं. मी काय भोंगा आहे?"

सकाळी फाटकापाशी आजीनं नातीचा हात सोडला. नात गुपचूप आत गेली. एकदा वळून पाहिलं. आजीनं हात हलवला आणि घराची वाट धरली. कोपऱ्यापर्यंत पोचली नसेल, तोच मागून भोंगा वाजला.

असा तर पहिल्या दिवशीही वाजला नव्हता. आजी आधी दचकली आणि पाठोपाठ तिला गुदगुल्या झाल्या. 'नात रडतेय आणि तुला उकळ्या फुटतायत, लाज कशी वाटत नाही म्हातारे?' तिनं स्वतःला झापलं. झापता झापताच ती गर्रकन वळली. शिपाई तिलाच बोलवायला धावत येत होता. तो तिला फाटकातच भेटला.

वर्गात नात जमिनीवर लोळत होती. बाई घामाघूम झाल्या होत्या. हेडमास्तर कानांवर हात ठेवून उभे होते.

"बसा, आजी," ते म्हणाले. "आजचा दिवस बसा. उद्याचं उद्या बघू."

आजी बाकात शिरली. नात उठली, फ्रॉक झटकला आणि तिला चिकटून बसली. भोंगा बंद. बाई पुन्हा फळ्याकडे वळल्या. आजीनं नातीचे डोळे पुसायला हात पुढे केला. गाल कोरडे ठणठणीत होते.

नात तिच्या कानाशी आली आणि घोगऱ्या आवाजात कुजबुजली, "आजी, उद्या तू रड हं. माझा घसा दुखतो."