घोळीचा आवाज

धर्माजींनी वल्हं पाण्यात बुडवून त्याच्या दांड्याला कान लावला. खाली घोळ मासळीचा मोठा कळप घुमत होता. घोळ नाहीशी झाल्यापासून किनाऱ्यावर पडून असलेल्या होड्या गावाने त्यांच्या कानावर विसंबून पुन्हा समुद्रात लोटल्या होत्या, पण महिनाभर जाळी रिकामीच येत होती.

"बाबा, तो आवाज आमचा आहे," समुद्र-संशोधन प्रकल्पात काम करणारी त्यांची मुलगी जागृती खाली मान घालून म्हणाली. "तळाशी स्पीकर बसवलेत. घोळीचे पूर्वी रेकॉर्ड केलेले आवाज ऐकून मासळी परत येईल, असं वाटलं."

"जरा बंद कर."

तिने फोनवरून स्पीकर बंद केले. धर्माजी बराच वेळ कान लावून बसले. खालून काहीच आलं नाही.

"चालू कर," ते अखेर म्हणाले. "एखादी येत असेल, तर एवढ्या शांततेला भिऊन परत जाईल. गावाला खरं काय ते मी सांगतो."