तिसऱ्या जागेवरचं सेव्ह

वहिनीने खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावरचा माउस कोपराने बाजूला सारला. मोठे साहेब स्वतःची खुर्ची घेऊन तिच्यासमोर, कॉम्प्युटरच्या पाठीकडे येऊन बसले होते. बाकीचे माना खाली घालून काम करत असल्याचं सोंग करत होते. कान मात्र सगळ्यांचे इकडेच.

"तुमच्याबद्दल फार कुरकुर आहे," साहेब म्हणाले. "कागद वाचत नाही म्हणे, दुसऱ्यांना वाचायला लावता. मी सांगतो ते पत्र टाइप करा, छापा आणि मला वाचून दाखवा. जमलं तर विषय संपला. नाही जमलं, तर माझाही नाइलाज आहे."

"सांगा ना साहेब," वहिनी म्हणाली.

शेजारच्या टेबलावर तिची धाकटी नणंद बसली होती. वहिनीच्या दोन्ही डोळ्यांत अगदी मधोमध डाग पडलाय, हे ऑफिसात तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कडेकडेचं दिसायचं, म्हणून वहिनी जिना चढायची, भरलेला कप न सांडता आणायची. पण समोरचं अक्षर? नाव नको. छापलेला कागद आणि कोरा कागद, तिला दोन्ही सारखेच. आणि घरी भाऊ अंथरुणाला खिळलेला. ही नोकरी गेली तर त्याच्या औषधांचं काय, हा विचार दोघींपैकी कुणी तोंडातून बाहेर काढत नसे.

माउसचा बाण दिसेनासा झाला, तेव्हा वहिनीनेच युक्ती काढली होती. जेवणाच्या सुट्टीत दोघी कॉम्प्युटरपुढे बसायच्या. नणंद पडद्यावरचं हळू आवाजात वाचायची आणि वहिनी नुसत्या कीबोर्डवरून मेनूची उलथापालथ करायची. नको ते सगळं तिने काढून टाकलं आणि हवं तेवढं स्वतःच्या एका मेनूत ओळीने लावलं: जुनी फाइल, नवी फाइल, सेव्ह, प्रिंट. आल्ट दाबून मेनू उघडायचा, बाणाच्या बटणाने एकेक पायरी खाली उतरायचं, एंटर. पाहायचं कशाला?

"हे माझ्या फडताळातले डबे आहेत, वन्सं," ती हसून म्हणायची. "अंधारातसुद्धा हात बरोब्बर साखरेवर पडतो. फक्त कुणी हलवाहलव करू नका म्हणजे झालं."

साहेब सांगू लागले. गोदामासाठी घेतलेल्या लोखंडी कपाटांबद्दलचं पत्र होतं. कपाटांची दारं नीट लागत नव्हती, दोनदा कळवूनही माणूस आला नव्हता. वहिनीची बोटं अशी काही चालली की साहेबच मध्ये थांबून पाहू लागले. नणंदेला इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. जिंकली गं बाई, ती मनात म्हणाली.

आणि मग तिला सकाळची गोष्ट आठवली.

सकाळी वहिनी छत्री ठेवायला आत गेली होती. नणंदेला वाटलं, आज साहेब परीक्षा घ्यायला येणार, हिचे हात थरथरणार. सेव्ह तिसऱ्या जागेवर कशाला? अगदी वरच असलेलं बरं. तिने तेवढंच उचलून वर नेऊन ठेवलं. वहिनी आली की सांगू म्हणाली, आणि वहिनीच्या मागोमाग साहेबांची खुर्चीच येऊन पडली. कुठून ही दुर्बुद्धी सुचली मेलीला! सेव्ह वर गेलं म्हणजे बाकीचं खाली सरकणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिसऱ्या जागेवर आता नवी फाइल होती.

"वहिनी..."

"तुम्ही मध्ये बोलू नका," साहेब म्हणाले.

वहिनीने आल्ट दाबला. नेहमीसारखी तिसऱ्या जागेपर्यंत उतरली. एंटर. पत्र मागे गेलं आणि पडदा पांढराफटक झाला. वहिनीने तसाच पुन्हा मेनू उघडला आणि एक पायरी आणखी खाली गेली. प्रिंट होतं तिथंच होतं. मशीन घरघरलं.

"साहेब, कागद मी आणून देते," नणंद उठलीच.

"बसा. त्यांचं काम त्यांना करू द्या."

ती बसली.

वहिनीने मशीनमधून कागद काढला, कडा बोटांनी सारख्या केल्या आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिली. साहेब डोळे मिटून, मान मागे टाकून ऐकायला बसले. तिने वाचायला सुरुवात केली. प्रत्येक शब्द जागच्या जागी. दोनदा कळवूनही, स्वल्पविराम, तिथं जराशी थांबलीसुद्धा. ओळ संपली की तिची मान डावीकडे वळायची, डोळे खालच्या ओळीवर यायचे. खिडकी तिच्या पाठीमागे होती आणि उजेड कागदातून आरपार येत होता. एकेक करत सगळ्यांनी माना वर केल्या. कुणी हसलं नाही. नणंदेने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"आपला विश्वासू," वहिनीने वाचून संपवलं.

"वा!" साहेबांनी डोळे उघडले. ते मनापासून खूश झाले होते. "उगाच लोक काहीबाही बोलतात. द्या इकडे, सहीच करून टाकतो."

वहिनीने कागद त्यांच्यापुढे टेबलावर सरळ ठेवला. खालच्या कडेपासून बोटांनी अंतर मोजलं आणि उजव्या कोपऱ्याकडे बोट टेकवलं.

"इथं, साहेब," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती अशी मोकळी हसत होती. "तुमच्या नावाच्या जरासं वर."