वासाचा बंदोबस्त

पंधरा वर्षं जुन्या गाडीत कुबट वास यायला लागला, तसा साहेबांचा संशय थेट ड्रायव्हरकाकांवर गेला. त्यांनी काकांना साबण दिला, अत्तर दिलं, गाडीत डबा खायला बंदी घातली. शेवटी निर्वाणीचं सांगितलं, "सोमवारपर्यंत वास गेला नाही, तर दुसरी नोकरी बघा."

घाबरून काकांनी गाडी गॅरेजला नेली, साहेबही सोबत आले. मेकॅनिकने मागची सीट उचलली. काचेच्या फटीतून झिरपलेल्या पाण्याने खालचं कार्पेट पार कुजलं होतं.

साहेब ओशाळले आणि काकांवरच उखडले, "वास मागून येतोय, हे इतके दिवस कळलं नाही तुम्हाला?"

काका चाचरले.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं, साहेब. पण मागे तुम्ही बसता ना, कसं बोलणार?"