जावक क्रमांक

“याला वायर कुठाय?” ठाणगे भाऊसाहेबांनी हर्षलाची ब्रेलपट्टी उलटीसुलटी करून पाहिली. पंचायत समितीतला तिचा पहिलाच दिवस. सकाळपासून ते तिच्या शेजारी बसून काहीतरी टाइप करत होते. तिला कुठं दिसणार होतं!

“वायर लागत नाही, भाऊसाहेब. तुमच्या कॉम्प्युटरला ब्लूटूथनं जोडली, की स्क्रीनवरचा मजकूर माझ्या बोटांखाली उमटतो. आता स्क्रीनवर जोडणीचा नंबर आला असेल, तेवढा वाचता?”

भाऊसाहेबांनी नाखुशीनंच सहा आकडे वाचले. हर्षलानं ते पट्टीच्या कळांवर दाबले आणि बोटं टेकवून बसली. आज नाही जमलं, तर उद्यापासून टपालाच्या पाकिटांना डिंक लावत बसायचं.

आणि पट्टी थरथरली! टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके टपटप वर आले.

“आलं! आलं, भाऊसाहेब!” ती जवळजवळ ओरडलीच. सगळी कचेरी भोवती गोळा झाली.

“वाचा की मग!” कुणीतरी म्हणालं.

हर्षला खणखणीत आवाजात वाचू लागली. “प्रति, गटविकास अधिकारी. विषय, नवीन लिपिक हर्षला कोष्टी. सदर कर्मचारी अंध असल्याने संगणकाच्या कामास निरुपयोगी आहेत. तरी त्यांना अन्यत्र...”

तिचं बोट क्षणभर थबकलं, पण चेहऱ्यावरचा आनंद काही मावळला नाही.

“भाऊसाहेब, जावक क्रमांकाची जागा कोरी राहिलीय. टाकू?”

भाऊसाहेबांच्या कीबोर्डवरचं एकच बटण खटखट वाजू लागलं, आणि तिच्या बोटांखालचे ठिपके शेवटाकडून एकेक करून खाली बसू लागले.