आठव्या स्क्रूची जागा

मशीनच्या लोखंडी पाटीला भोकं आठ होती आणि टेबलावर स्क्रू सात.

खुडबुडीने पुन्हा मोजले. डावीकडून सात, उजवीकडूनही सातच. तिने टेबलाखाली पाहिलं, खिसे उलटे केले, शेवटी दोन्ही बूट काढून झटकले. एका बुटातून खडा पडला, दुसऱ्यातून तोही नाही.

“गिळलास काय गं?” मागून लंबूने विचारलं.

पण हसायची वेळ नव्हती. कार्यशाळेत पाना सरांचा एकच कायदा होता. वस्तू खुशाल उघडा, पण परत लावताना एक स्क्रू उरला किंवा एक कमी पडला, तर वर्ष संपेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. कोपऱ्यात बसून दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंची चित्रं काढायची. प्रत्येकाला दोन माफ्या होत्या. खुडबुडीच्या दोन्ही पहिल्याच महिन्यात संपल्या. एक मुख्याध्यापकांच्या फिरत्या खुर्चीवर गेली. ती खुर्ची तेव्हापासून फक्त डावीकडे फिरते. दुसरी शाळेच्या घंटेवर. ती दुरुस्त झाली आणि तीन दिवस थांबलीच नाही.

आज समोर उघडून ठेवलेल्या ड्रिल मशीनची पाळी सरांच्याच धड्यामुळे आली होती. “शाळेत कुणाला कशाचा त्रास होतो ते शोधा,” त्यांनी सातवीला सांगितलं होतं. “का होतो ते शोधा. मग उपाय करा.” त्रास शोधायला लांब जावं लागलं नाही. हे मशीन सुरू झालं की असं थडथडायचं, की टेबलावरचे खडू चालत चालत फळ्यापाशी जायचे, डब्यांची झाकणं आपोआप उघडायची आणि भिंतीपलीकडच्या वर्गात नकाशावरच्या नद्या पात्र बदलायच्या. भूगोलाच्या बाईंनी भूकंपाचा धडा शिकवणंच सोडून दिलं होतं. गरजच उरली नव्हती.

लंबूच्या गटाने मशीनखाली रबर घालायचं ठरवलं. दुसऱ्या गटाने भूगोलाचा वर्गच उचलून पलीकडे ठेवायचा आराखडा काढला, अगदी मापांसकट. खुडबुडी म्हणाली, “पण ते थडथडतं का?”

“म्हातारं झालंय,” सर म्हणाले. “तू दुसरं काहीतरी घे.”

“सर, का ते शोधा असं तुम्हीच म्हणालात ना?”

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. मग म्हणाले, “उघड. पण रीतीने.”

तिने रीत पाळली होती. मशीनचा प्लग काढून ठेवला. मोठा कागद पसरला. जो भाग सुटेल तो कागदावर ठेवायचा, त्याच्याभोवती पेन्सिल फिरवायची, आत आकडा घालायचा. सगळ्यात शेवटी मोटरीखालची ही पाटी सुटली होती. कागदावर तिच्या स्क्रूंची गोल गोल चित्रं काढलेली होती. तीही सात.

“एक कमी आहे,” सर म्हणाले. त्यांनी खिसा चाचपला. “कायदा तो कायदा.” आणि त्यांनी स्क्रूड्रायव्हरसाठी हात पुढे केला.

खुडबुडीने स्क्रूड्रायव्हर दिला. पण तिचे डोळे आठव्या भोकावरून हलेनात. ती वाकली, एक डोळा मिटून तिने आत बघितलं, मग पेन्सिलचं टोक घालून फिरवलं. टोकाला कोळ्याचं जाळं गुंडाळून बाहेर आलं. चांगलं जाड, धुळीने करडं झालेलं, आत एक वाळकी माशी.

“सर, स्क्रू मी आत्ता हरवला,” ती सावकाश म्हणाली, “तर मग कोळ्याने एवढं जाळं कधी विणलं?”

वर्गात कुजबुज झाली. लंबू पुढे येऊन जाळ्याकडे बघत म्हणाला, “आयला, म्हणजे तो स्क्रू आधीपासूनच नव्हता!” मग सरांकडे बघून जीभ चावली. “आयला नाही सर. अरेच्चा.”

सर रागावले नाहीत. ते ऐकतच नव्हते. त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. आतलं मऊ फडकं उचललं. फडक्याखाली एक स्क्रू होता, वर्षानुवर्षं घासून घासून नाण्यासारखा चकचकीत झालेला. तो त्यांनी सातांच्या रांगेत ठेवला. आकार तोच, डोकं तेच.

भिंतीपलीकडे भूगोलाच्या बाई पर्वतांची नावं सांगत होत्या, ती स्पष्ट ऐकू आली.

“याच खोलीत होतो मी,” सर म्हणाले. “मशीन नवंकोरं होतं. कुणी नसताना उघडलं, घाईघाईने लावलं, आणि हा उरला. गुरुजींचा मार आठवला आणि मी तो खिशात टाकला. पुढे इथलाच शिक्षक झालो, पण परत उघडायचा धीर नाही झाला.”

“मग सर,” लंबूने हळूच विचारलं, “आता तुम्ही कोपऱ्यात?”

“तर काय!” सरांनी स्क्रूड्रायव्हर परत खुडबुडीच्या हातात ठेवला आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्या अगदी जवळ बसले. “लाव तू. पण सावकाश हं, हा बसतो कुठं ते मला सातवीपासून बघायचंय.”