‘कम राउंड’चा दुसरा अर्थ

“शी मे नॉट कम राउंड,” डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. “कॉल युअर डॉटर. टुडे.”

म्हाताऱ्या मेकॅनिकने मान डोलावली. नव्याने आलेल्या या बाईंना इंग्रजीखेरीज भाषा येत नव्हती, आणि एरवी त्यांचं बोलणं त्याच्या डोक्यावरून जायचं. हे वाक्य मात्र सरळ आत शिरलं. ‘कम राउंड’ त्याच्या ओळखीचं होतं. लेकीनंच शिकवलं होतं, फोनवर.

मघाशी बाईंनी विचारलं होतं, घरी आणखी कोण? तेव्हा तो म्हणाला होता, “वन डॉटर. बट मदर नॉट टॉकिंग.” त्यावर हे उत्तर आलं. म्हणजे बाईंनी बरोबर ओळखलं. डोक्याला पट्ट्या, तोंडात नळी, डोळे मिटलेले, तरी आपल्या बायकोचा हट्ट परक्या माणसालाही दिसतोच!

“शी विल कम राउंड, डॉक्टर,” तो म्हणाला. “लिटल स्लो. बट हार्ट इज गुड.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आपल्या घरच्या अबोल्याचं यांना एवढं काय वाटावं, ते त्याला कळेना.

लेक संध्याकाळी पोहोचली. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आईनं दार लावून घेतलं होतं, त्यानंतर ती आईच्या इतक्या जवळ आजच आली होती. मध्ये काचेचा एक दरवाजा तेवढा. पण तो तिनं ढकलला नाही.

“मला बघून तिला त्रास झाला तर?” ती बाहेरच्या बाकावर टेकली. “डॉक्टर काय म्हणाल्या, बाबा? नीट सांगा. शब्द न् शब्द.”

बाबांचं आयुष्य बसची इंजिनं खोलण्यात गेलेलं. इंग्रजीत त्यांना सुट्या भागांची नावं तेवढी यायची. बाकीचं लेकीनं दर रविवारी थोडं थोडं पदरात घातलेलं. त्यांनी घसा खाकरला आणि धडा म्हणून दाखवावा तसं म्हणाले, “शी मे नॉट कम राउंड.”

लेकीचा हात पर्सच्या पट्ट्यावर होता, तो तिथंच राहिला.

“पण मीही गप्प बसलो नाही. म्हटलं, वळेल ती. वरून काटे, आत गरे. तुम्ही नव्या आहात, तुम्हाला काय माहीत!”

“बाबा...”

“का? चुकलं का काही? तूच तर शिकवलंस. राग सोडणं, मन वळणं. आई एक दिवस कम राउंड होईल, असं तूच म्हणायचीस की.”

“हो. तो अर्थ आहेच.” रोज वर्गात बसलेल्या मोठ्या माणसांना ती हेच इंग्रजी शिकवायची, फळ्यावर एकाखाली एक अर्थ लिहून. “आणखी एक आहे.”

“कुठला?”

“शुद्धीवर येणं.”

दाराच्या फटीतून यंत्राचा आवाज येत होता, संथ, एकसारखा. ठोका चुकत नाही ते इंजिन निरोगी, असं बाबा डेपोत सगळ्यांना सांगत आले होते. त्यांनी थोडा वेळ तो ठोका ऐकला.

“मे नॉट म्हणाल्या त्या,” मग ते म्हणाले. “मे म्हणजे कदाचित ना?”

“हो, बाबा. कदाचित.”

“आणि मी शहाणा त्यांना सांगतोय, जरा स्लो आहे म्हणून.” ते हसायला गेले. हसू मध्येच मोडलं, आणि खांदे हलायला लागले. लेकीनं त्यांचा खरखरीत हात दोन्ही हातांत धरला.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “बाबा, तो पहिला अर्थ... तो तरी झाला होता का?”

खोटं बोलणं सोपं होतं. ते ओठांवर आलंही होतं. पण ही पोर लहानपणापासून त्यांचं खोटं बाहेर पडायच्या आधी पकडायची. ते आठवत राहिले. बायकोच्या तोंडून लेकीचं नाव कधी आलं होतं का? नव्हतं आलं.

“तुझा फोन आला,” ते सावकाश म्हणाले, “की ती टीव्हीचा आवाज बारीक करायची.”

“आँ?”

“दर रविवारी. मी म्हणायचो, राहू दे, मी जातो गॅलरीत. तर म्हणायची, कशाला? इथंच बसून बोला. मला काही तुमचं ऐकायचं नाहीये, टीव्हीनं कान किटलेत माझे.”

लेक पर्स बाकावरच टाकून उठली आणि काचेचा दरवाजा ढकलून आत गेली. बाबा मागोमाग गेले.

आईजवळ ती रडली नाही, काही बोललीही नाही. नळ्यांना धक्का न लावता पलंगाला वळसा घालून पायथ्याशी गेली आणि घट्ट खोचलेली चादर सोडवून तिनं आईची दोन्ही पावलं उघडी केली. इतके दिवस उशाशी बसून बाबांना हे सुचलं नव्हतं.

“अहो, पाय गार पडतील त्यांचे,” नर्स म्हणाली.

“असू दे,” लेक म्हणाली. “पाय झाकलेले असले की तिला झोप लागत नाही.”