तांबीचा गुण

"दवाखान्यात तांबी मिळतीय, फुकट!" आशाताई दारातूनच म्हणाली. तिसऱ्या लेकीला पाजत बसलेल्या मैनेला कळलं, ही दिवस न राहू देणारी तांबी. सासूला वाटलं, पाण्याची.

"सरकार भांडी बी वाटतंय व्हय? जा गं, घेऊन ये."

मैना रिकाम्या हाताने परतली. "संपल्या, आत्याबाई."

"तुझं नशीबच फुटकं!" सासूने घरातलीच तांबी घासली, देवाचं तीर्थ भरून तिच्या उशाशी ठेवली. "रोज पी. औंदा नातूच पायजे."

मैना घोट घ्यायची आणि पदराआड हसायची. किती दिवसांनी तिचं अंग तिचं झालं होतं.

दोन वर्षं पाळणा हलला नाही. "कूस आटली हिची," सासू गावभर सांगत सुटली. खरं सांगायची मैनेला चोरी होती. सांगितलं असतं तर दवाखान्यात बसवलेली तांबी काढावी लागली असती. दिवाळी सरताच नवऱ्याने दुसरी आणली, अंगावरची हळदही न उतरलेली कोवळी पोर.

सासूने उशाची तांबी मैनेकडूनच घासून घेतली आणि नवीच्या उशाशी ठेवायला लावली.

"अक्का, हिचा गुण येतो का हो?" पोरीने हळूच विचारलं.

"आला की," मैना म्हणाली. "तू आलीस."